आजोबांचे फेवर-लुबा आणि आबिड्सची घड्याळे

"जरा आबिड्सला जाऊन येतो," असे हैदराबादच्या मराठी घरात कोणी म्हटले, की त्याच्या गळ्यात आणखी चार कामे पडतात. पोस्टात हे टाक, चष्म्याची काडी बसवून आण, रविवार असेल तर फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत एखादा मराठी अंक मिळतो का पाहा, आणि वाटेत घड्याळाचा सेल बदलून घे. आमच्या घरी यातले शेवटचे काम कधी नव्हते, कारण आमच्या आजोबांच्या घड्याळाला सेलच नव्हता. ते होते 'फेवर-लुबा'. सतरा ज्वेल्सचे, स्विस बनावटीचे, रोज रात्री जेवणानंतर चावी द्यायचे. स्वित्झर्लंडमध्ये या नावाचा उच्चार निराळा होतो हे आम्हांला फार उशिरा कळले. आमच्या आजोबांपासून आबिड्सच्या घड्याळवाल्यापर्यंत सगळे त्याला फेवर-लुबाच म्हणत, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो.

आजोबा गेल्यावर ते वडिलांच्या मनगटावर आले. वडील गेल्यावर पितळी डब्यात, आजीच्या जुन्या चिल्लरीशेजारी, पडून राहिले. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी घर आवरताना ते हाती लागले, आणि त्या निमित्ताने आम्ही भावंडांनी जी काही शोधाशोध केली, तीच या लेखात मांडत आहोत.

आबिद साहेबांचे दुकान

सुरुवात आबिड्सपासूनच करू. सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) यांच्या खास सेवेत आल्बर्ट आबिद नावाचा एक आर्मेनियन गृहस्थ होता. ज्या निजामांचे कपड्यांचे दुमजली दालन पुरानी हवेलीत आजही लोक पाहायला जातात, त्यांच्या कपडे-बूट-घड्याळांची निगा या आबिदकडे होती, असे जुने हैदराबादकर सांगत आले आहेत. पुढे त्याने परदेशी मालाचे दुकान काढले. लोक त्या जागेला 'आबिद शॉप' म्हणू लागले आणि त्याचेच 'आबिड्स' झाले. पुढे जिथे पॅलेस टॉकीज उभी राहिली, तिथे ते दुकान होते असे म्हणतात. म्हणजे ज्या पेठेत आपण घड्याळे दुरुस्तीला नेतो, त्या पेठेचे नावच घड्याळे सांभाळणाऱ्या माणसावरून पडलेले आहे.

त्या काळात घड्याळ ही दोन प्रकारची वस्तू होती. अमीर-उमरावांच्या घरी ती शोभेची. सालारजंग म्युझियममधले वाजणारे घड्याळ आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे. तास पुरा व्हायच्या तीन मिनिटे आधी एक दाढीवाला छोटा पुतळा दार उघडून बाहेर येतो आणि वेळ झाली की घंटेवर तितके टोले देतो. शेजारी एक लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो. कलकत्त्याच्या 'कुक अँड केल्वी' या पेढीने इंग्लंडहून आलेले सुमारे साडेतीनशे भाग जुळवून ते उभे केले. बाराचे टोले ऐकायला आजही तिथे शाळेच्या सहली बसलेल्या असतात.

दुसरा प्रकार सर्वांच्या उपयोगाचा, म्हणजे मनोऱ्यावरचे घड्याळ. सुलतान बाजारचा घड्याळ-मनोरा १८६५चा. चारमिनारच्या चारही बाजूंना घड्याळे बसली १८८९ साली. महबूब चौकातला मनोरा १८९२चा. मोअज्जम जाही मार्केटवरचा आपल्या ओळखीचा मनोरा त्या मानाने नवा, १९३५चा. मधल्या काळात, १८७४ मध्ये, वाडी ते सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली होती. गाडी कोणासाठी थांबत नाही, हे कळल्यावर सामान्य माणसालाही मिनिटांचा हिशेब ठेवावा लागला.

घटिकेपासून घड्याळापर्यंत

त्याआधी आपल्याकडे वेळ मोजत नव्हते असे मात्र नाही. दिवसाच्या साठ घटिका, एक घटिका चोवीस मिनिटांची. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. मोठ्या ठिकाणी त्या वेळी काशाच्या थाळीवर टोला पडे. लग्नाच्या मुहूर्तावर भटजी घटिकापात्राकडे डोळे लावून बसत, ही गोष्ट आमच्या आजीने स्वतः पाहिलेली होती. 'घड्याळ' या शब्दातली घटिका तीच. मनगटावर स्विस यंत्र आले तरी नाव आपलेच राहिले.

वेळ सर्वांची एक असावी यावरून भांडणेही झाली. १९०६ मध्ये देशभरासाठी एकच प्रमाणवेळ आली, पण मुंबईकरांनी आपला 'बॉम्बे टाइम' सोडला नाही. तो नव्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होता, आणि तो पुरता जायला १९५५ साल उजाडले. वेळ हा सरकारने बदलायचा आणि लोकांनी न बदलायचा विषय आहे, हे आम्ही सरकारी नोकर चांगलेच जाणतो.

डोंगरातले कारागीर

आता थोडे स्वित्झर्लंडकडे वळू, कारण आजोबांच्या घड्याळाचे मूळ घर तिथले. १५४१च्या सुमारास जिनीव्हा शहरात धर्मसुधारक कॅल्विनच्या प्रभावाने दागिने घालण्यावर बंधने आली. सोनारांचा धंदा बसला. त्यांच्या बारीक हाताला दुसरे काम हवे होते, ते घड्याळात मिळाले. १६०१ मध्ये तिथे घड्याळकारांचा संघही स्थापन झाला. तिथून ही विद्या जुरा नावाच्या डोंगराळ भागात पसरली. तिथे हिवाळा लांब, शेती बंद. शेतकऱ्यांची कुटुंबे खिडकीपाशी बसून घड्याळाचे भाग घासत. एका घरात चक्रे, दुसऱ्या घरात काटे, तिसऱ्या घरात तबकडी. मग व्यापारी ते सगळे गोळा करून जुळवून घेई. आपल्याकडे येवल्याच्या पैठणीत किंवा बीदरच्या बिदरी कामात एकाच वस्तूवर अनेक घरांचे हात फिरतात, त्यातलाच हा प्रकार.

याच डोंगरात सुमारे तीन हजार फूट उंचीवर ल लोक्ल नावाचे गाव आहे. १७३७ सालच्या एका कागदात तिथल्या अब्राहम फाव्रचा घड्याळकार म्हणून उल्लेख आहे, आणि कंपनी आपला जन्म तेव्हापासून मोजते. बाजीराव पेशव्यांनी भोपाळला निजाम-उल-मुल्काशी लढाई केली, त्याच वर्षीची ही गोष्ट. १८१५ मध्ये फाव्रच्या वंशजाने ऑग्यूस्त लूबा या व्यापाऱ्याशी भागीदारी केली. एक घर घड्याळे करणारे, दुसरे विकणारे. दोन्ही घरे पुढे लग्नसंबंधानेही जोडली गेली. आठ पिढ्या हा व्यवसाय एकाच घराण्यात चालला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे साल १८६५. त्या वर्षी फ्रिट्झ फाव्र यांनी मुंबईत व्यापार सुरू केला. इकडे सुलतान बाजारात मनोरा उभा राहत होता, तिकडे मुंबई बंदरात ल लोक्लची घड्याळे उतरत होती. पुढे 'वेस्ट एंड वॉच कंपनी'सारख्या इतर पेढ्याही हिंदुस्थानी गिऱ्हाइकासाठी स्विस घड्याळे आणू लागल्या, पण फेवर-लुबा हे नाव मध्यमवर्गीय घरांत जितके रुळले तितके थोडे रुळले. जावयाला सायकल, रेडिओ आणि फेवर-लुबा हे मागण्यांच्या यादीत असे. मागणी चांगली नव्हती, पण घड्याळ चांगले होते.

हे केवळ जावयांचे घड्याळ नव्हते. १९६२ मध्ये या कंपनीने 'बिव्हुआक' नावाचे मनगटी घड्याळ काढले. त्यात हवेचा दाब मोजणारे यंत्र बसवले होते आणि त्यावरून डोंगराची उंची कळे. वॉल्टर बोनाटीसारख्या नामांकित गिर्यारोहकाने ते वापरले. १९६८ मध्ये पाण्याखालची खोली दाखवणारे 'बॅथी' निघाले. हे सारे सेल नसताना, निव्वळ कमानी आणि दातेरी चक्रांवर.

१९५६ आणि दोन घड्याळे

आमच्या घरात हे घड्याळ आले ते १९५६ साली. आजोबा हैदराबाद संस्थानच्या, म्हणजे तोवर हैदराबाद राज्याच्या, कचेरीत कारकून होते. उर्दूत मसुदे करत, मराठीत पत्रे लिहीत आणि तेलुगूत भाजी घेत. १ नोव्हेंबर १९५६ला राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्या महिन्यांत आपल्या प्रत्येक घरात एकच चर्चा होती, जायचे की राहायचे? या मंडळाच्या कितीतरी कुटुंबांची कहाणी त्याच प्रश्नापासून सुरू होते.

आजोबांचे एक जिवलग स्नेही होते. एकाच टेबलावर समोरासमोर बसून दोघांनी नऊ वर्षे काम केलेले. स्नेह्यांनी औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) जायचे ठरवले. आजोबांनी राहायचे ठरवले, कारण म्हातारी आई इथून हलायला तयार नव्हती. जाण्यापूर्वी दोघांनी आबिड्सला जाऊन एकाच दुकानातून एकसारखी दोन फेवर-लुबा घेतली. दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त किंमत होती, निम्मी उधारी. काचीगुडा स्टेशनवर मनमाडची मीटरगेज गाडी सुटण्यापूर्वी दोघांनी स्टेशनच्या घड्याळाबरहुकूम आपापली घड्याळे लावली. ही गोष्ट आजोबा आम्हांला दर दिवाळीला सांगत, आणि दर दिवाळीला शेवटी म्हणत, "त्याचे दोन मिनिटे पुढे जाते म्हणे. घाई त्याला पहिल्यापासूनच."

बाहेरून जुने, आतून नवे

तर हे घड्याळ हाती लागले तेव्हा बंद होते. चावी फिरत होती, पण काटा हलत नव्हता. आम्ही ते एका चकचकीत दुकानात नेले. तिथल्या मुलाने ते उघडूनही न पाहता सांगितले, "याचे पार्ट मिळत नाहीत. आतली मशीन काढून टाकतो, बॅटरीची बसवतो. बाहेरून तसेच दिसेल. पाचशे रुपये." खरे सांगायचे तर आम्ही तयार झालो होतो. दोन भावंडांचे मत पडले की आठवण म्हणून बाहेरचे राहिले म्हणजे झाले. धाकटी बहीण मात्र अडली. म्हणाली, "मग आजोबांचे त्यात काय राहिले?"

तिच्या हट्टापायी आम्ही आबिड्सच्या आतल्या गल्लीत एका वयस्क घड्याळवाल्याकडे गेलो. जेमतेम चार फुटांची जागा, डोळ्याला भिंग, समोर पेट्रोलची वाटी आणि उलटे घातलेले काचेचे ग्लास, धूळ बसू नये म्हणून. त्यांनी मागचे झाकण उघडले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "साब, मशीन तो सोना है. बॅलन्स टूटा है, बस. बॅटरी डालको इसको मारो नक्को."

आम्ही पॉलिटेक्निकमध्ये दातेरी चक्रांची गणिते केली आहेत, पण ती चक्रे इतकी जिवंत कधी दिसली नव्हती. त्यांनी समजावले ते असे. चावी दिली की पोलादी पट्टीची कमान गुंडाळली जाते. ती उलगडताना चक्रांना ढकलते. तिला मोकळे सोडले तर ती क्षणात रिकामी होईल, म्हणून शेवटी एक छोटा अडसर असतो, जो दर झोक्याला एकच दात पुढे जाऊ देतो. तो झोका देते तोलाचे चाक, म्हणजे बॅलन्स, आणि त्याला जोडलेली केसासारखी बारीक कमान. 'टिक टिक' म्हणतो तो आवाज त्या अडसराचा. चाकांचे आस जिथे घासतात तिथे माणिक बसवतात, कारण माणिक झिजत नाही. ही माणके प्रयोगशाळेत बनवलेली असतात, दागिन्यातली नव्हेत. 'सतरा ज्वेल्स'चा अर्थ एवढाच. आजी मात्र शेवटपर्यंत समजत होती की आजोबांच्या मनगटावर सतरा रत्ने आहेत, आणि आजोबांनी तो समज कधी खोडला नाही.

अशा घड्याळाचे बॅलन्स सेकंदाला पाच ठोके देते. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. हा आकडा ऐकून आमच्या काकांनी लगेच पंचांगाची आठवण काढली. कलियुगाची वर्षेही तितकीच, ४,३२,०००. योगायोगच, पण गणपतीच्या मांडवात सांगायला चांगला.

धंदा कसा बसला

हे घड्याळवाले चाचा चाळीस वर्षे त्या जागी आहेत. त्यांच्या तोंडून आम्ही एका धंद्याचा उतार ऐकला. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर बंधने येत गेली आणि स्विस घड्याळ चोरवाटेने येऊ लागले. १९६१ पासून बंगळूरला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने, एचएमटीची घड्याळे बनू लागली. ती चावीचीच होती, त्यामुळे दुरुस्तीवाल्यांचे बरे चालले. खरा घाव बसला १९६९च्या नाताळात, आणि तो टोकियोत. त्या दिवशी सायको कंपनीने सेलवर चालणारे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढच्या वीस वर्षांत स्वित्झर्लंडमधले हजारो कारागीर घरी बसले. फेवर-लुबाही घराण्याच्या हातून गेली. आपल्या शहरातही त्याच सायकोच्या साहाय्याने हैदराबाद ऑल्विनने घड्याळे काढली. ऑल्विनचा फ्रिज आणि ऑल्विनचे घड्याळ असलेली घरे वाचकांत नक्कीच असतील. आज ऑल्विनही नाही, आणि २०१६ मध्ये एचएमटीच्या घड्याळ कंपनीलाही टाळे लावण्याचा निर्णय झाला.

गंमत अशी की स्वित्झर्लंडने पडून पुन्हा उभे राहताना त्याच जुन्या चावीच्या विद्येला धरले. सेलच्या घड्याळापेक्षा ते कमी अचूक असते हे मान्य करून, ते माणसाच्या हाताने बनते हेच त्यांनी जगाला विकले. २००९ मध्ये ल लोक्ल आणि शेजारचे ला शो-द-फों ही घड्याळकारांची गावे जागतिक वारसा ठरली. २०२० मध्ये ही कारागिरीही युनेस्कोच्या यादीत गेली. फेवर-लुबा हे नाव २०११ मध्ये आपल्याच टाटांच्या टायटनने विकत घेतले आणि पुढे ते दुसऱ्या भारतीय कंपनीकडे गेले. ज्या नावाने मुंबईत येऊन दुकान मांडले, ते नाव दीडशे वर्षांनी भारतीयांच्या मालकीचे झाले.

आमच्या चाचांना मात्र युनेस्कोने विचारलेले नाही. त्यांचा मुलगा हायटेक सिटीत नोकरीला आहे. ही विद्या शिकायला कोणी येत नाही. चौमहल्ला पॅलेसच्या खिलवतच्या घड्याळाला एक घराणे पिढ्यान्‌पिढ्या चावी देत आले, म्हणून ते आजवर चालत राहिले. तिथे कोणीतरी आठवड्याच्या आठवड्याला जिना चढतो, एवढेच त्याचे रहस्य.

औरंगाबादहून आलेली डबी

बॅलन्स मिळेना. चाचा म्हणाले, अगदी असेच दुसरे घड्याळ, बंद पडलेले का असेना, मिळाले तर होईल. आम्हांला काचीगुडा स्टेशन आठवले. आजोबांच्या स्नेह्यांच्या घरी फोन केला. तीस वर्षांत दोन्ही घरांचे येणे-जाणे राहिले नव्हते, लग्नपत्रिकाही बंद झाल्या होत्या. नातवाने फोन उचलला. घड्याळ होते, पण पाणी जाऊन तबकडी गंजलेली, काटे गळलेले. आठ दिवसांत कुरियरने डबी आली. आत घड्याळ आणि एक चिठ्ठी. "आजोबा म्हणायचे, हैदराबादचे दोन मिनिटे मागे राहते."

चाचांनी त्या घड्याळातला बॅलन्स काढून आमच्या घड्याळात बसवला, सगळे यंत्र धुऊन तेल दिले आणि कानाशी धरले. मग आमच्या कानाशी धरले. आम्ही तिघे भावंडे त्या चार फुटांच्या दुकानासमोर उभे राहून आळीपाळीने ऐकत होतो, आणि मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता.

आमच्या मुलांची नावे मराठी आहेत, सण मराठी आहेत, जेवणात वरण-भात आहे. आत बोलण्याची मशीन मात्र हळूहळू दुसरीच बसत चालली आहे. पाचशे रुपयांचा तो सल्ला आम्ही घड्याळापुरता नाकारला. घरापुरता नाकारायचा तर रोज रात्री थोडी चावी द्यावी लागेल, दुसरा उपाय दिसत नाही.

आता घड्याळाला चावी देण्याचे काम आमच्या मुलीकडे आहे. ती नववीत आहे. तिला सांगितले आहे की रोज एकाच वेळी, सावकाश, आणि अडले की जोर करायचा नाही. मराठीत चार ओळी लिहून औरंगाबादला आभाराचे पत्रही तिनेच पाठवले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, आम्ही त्या तशाच जाऊ दिल्या.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरातल्या डब्यात असे एखादे घड्याळ पडले असेल तर त्यात सेलची मशीन बसवू नका. आबिड्सच्या गल्लीत अजून दोन-तीन वयस्क हात आहेत. ते आहेत तोवर जाऊन या.

आमचे फेवर-लुबा चालते. दिवसाला दोन मिनिटे मागे पडते. यंदा मांडवात आरती त्या घड्याळावर सुरू झाली, तर दोन मिनिटांचा उशीर बाप्पा सांभाळून घेईल.